लंडनच्या स्टुडिओत गोवा वाजवणारा मुंबईचा गिटारवाला, ज्याची कोकणावरची टेप ३० वर्षं पडून राहिली

नांदेड-लातूरकडं लग्नाची वरात निघाली की पुढं बँजो पार्टी लागतेच. टेम्पोवर स्पीकर, मागं जनरेटर आणि बँजोवर बोटं फिरवणारा एक गडी. गाणारा कुणी नसला तरी पहिल्या दोन सुरांत अख्ख्या वरातीला गाणं कळतं आणि म्हातारी माणसंसुद्धा हात वर करतात.

थोडक्यात काय, तर शब्द नसले तरी वाद्य बोलतं, हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही.

पण वरातीत वाजणारं गाणं आपल्याला आधीच पाठ असतं. पिक्चर पाहिलेला असतो, हिरो डोळ्यांपुढं असतो. समजा यातलं काहीच नाही. पिक्चर नाही, हिरो नाही, ओळखीचं गाणं नाही. आहे ती फक्त एक इलेक्ट्रिक गिटार, आणि तिच्यातून समोरच्याला जयपूर दाखवायचंय, गंगा दाखवायचीय, गोवा दाखवायचाय. तेही लंडनमध्ये बसून.

हे काम एका माणसानं १९६९ साली केलं. मुंबईत जन्मलेला, गोव्याच्या घरातला हा माणूस म्हणजे अमान्सियो डिसिल्वा.

जुन्या रेकॉर्ड जमवणाऱ्यांच्या जगात हे नाव आज मोठं आहे. त्याच्या एका रेकॉर्डच्या मूळ प्रतीसाठी लाखाच्या पुढं रुपये मोजणारे लोक आहेत. पण महाराष्ट्रात दहा जणांना विचारा, नऊ जण खांदे उडवतील.

असं का झालं, ते समजून घ्यायचं तर सुरवातीपासून बघायला लागेल.

मुंबईत वाजवणारे हात गोव्याचे होते

अमान्सियोचा जन्म १९ मार्च १९३६ चा, मुंबईतला. आईवडील गोव्याचे.

तेव्हा गोवा पोर्तुगीजांकडं होता आणि मुंबई इंग्रजांकडं. गोव्यात कामधंदा कमी, म्हणून माणसं बोटीनं, रेल्वेनं मुंबई गाठायची. कुणी जहाजावर खलाशी व्हायचं, कुणी आचारी. आणि बऱ्याच जणांच्या हातात असायचं एखादं वाद्य.

त्याला कारण होतं गावातलं चर्च. गोव्यात चर्चच्या शाळेत पोरांना धर्माच्या शिक्षणासोबत संगीतही शिकवलं जायचं. व्हायोलिन हातात यायच्या आधी नोटेशन वाचता यायला लागायचं. म्हणजे समोर कागद ठेवला की तो बघून धून वाजवायची, आधी ऐकलेली असो वा नसो.

मुंबईच्या सिनेमावाल्यांना नेमकी हीच माणसं पाहिजे होती. संगीतकार धून गुणगुणायचे, ती कागदावर उतरवायची आणि पन्नास वादकांकडून एकसाथ वाजवून घ्यायची, हे काम गोव्याच्या माणसांनी केलं. आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी १९५१ च्या 'अलबेला'मध्ये जो धमाका केला, त्यात ट्रम्पेट वाजवणारा चिक चॉकलेट गोव्याचाच. शंकर-जयकिशनच्या गाण्यांची वाद्यरचना करणारे सेबॅस्टियन डिसोझाही गोव्याचेच. आणि 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्यातलं अँथनी गोन्साल्विस हे नाव ज्यांच्यावरून घेतलं, ते लक्ष्मीकांत-प्यारेलालमधल्या प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारे गुरूही गोव्याचे.

दिवसा स्टुडिओत सिनेमाची गाणी आणि रात्री हॉटेलात जॅझ, असा यातल्या कित्येकांचा दिनक्रम होता. चर्चगेटच्या रस्त्यावरच्या हॉटेलांमध्ये रोज संध्याकाळी बँड वाजायचे. अमेरिकेचे मोठे जॅझवालेही भारतात येऊन गेले. डेव्ह ब्रुबेक १९५८ ला आला, ड्यूक एलिंग्टन १९६३ ला.

अमान्सियो याच मुंबईत वाढला. त्यानं गिटार उचलली आणि जॅझचा रस्ता धरला.

जॅझ म्हणजे नेमकं काय असतंय?

जॅझ म्हटलं की आपल्याला वाटतं, हे सूटबुटातल्या लोकांचं काहीतरी असणार. तसं काही नाही.

जॅझमध्ये आधी एक धून ठरलेली असते. सगळे मिळून ती वाजवतात. मग एकेक वादक पुढं येतो आणि त्या धूनच्या आधारानं जागच्या जागी, मनात येईल तसं नवं वाजवत जातो. त्याचं झालं की दुसरा. शेवटी सगळे परत मूळ धूनवर येतात.

आता आपल्या शास्त्रीय मैफलीशी हे ताडून बघा. बंदिश ठरलेली असते, गवई तिच्यावर आलाप-ताना घेतो आणि फिरून फिरून समेवर येतो. दोन्हीकडं खरी परीक्षा एकच असते, ती म्हणजे त्या क्षणी तुम्हाला काय सुचतंय.

फरक आहे तो वेगळ्याच ठिकाणी. आपलं संगीत एका ओळीत पुढं जातं. एक सूर, मग दुसरा, आणि खाली तानपुरा सतत चालू. पाश्चात्य संगीतात तीन-चार सूर एकाच वेळी, एकमेकांवर रचून वाजवतात. त्याला कॉर्ड म्हणतात, आणि हे कॉर्ड सारखे बदलत राहतात. राग तर एकाच सुरावर ठाण मांडून बसतो. त्यामुळं हे दोन्ही एकत्र नांदवणं अवघड.

पण १९५९ साली माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' आली आणि जॅझमध्ये कॉर्डची ही धावपळ कमी व्हायला लागली. वादक एकाच सुरावलीवर बराच वेळ थांबायला लागले. इथून पुढं रागाला आत शिरायला दार उघडलं.

तरी गिटारवाल्यापुढं एक अडचण उरतेच. सतारीचे पडदे उंच आणि बाकदार असतात, तार बाजूला ओढून चार-पाच सुरांची मींड काढता येते. गिटारची तार तेवढी ओढली जात नाही. एक-दोन सूर वर गेलं की संपलं. म्हणजे गिटारवर भारतीय बाज आणायचा तर तो सुरांच्या निवडीतून, लयीतून आणि घसरत जाणाऱ्या बोटांतून आणायला लागतो.

अमान्सियोनं सतार हातात घेतली नाही. गिटार गिटारसारखीच वाजवली, आणि तरी ती ऐकताना भारतातली वाटते. त्याचं मोठेपण इथं आहे.

महाराणींनी गिटार दिली

अमान्सियोच्या आयुष्यात एक नाव फार महत्त्वाचं आहे, जयपूरच्या महाराणी गायत्री देवी. त्यांना त्याचं वाजवणं आवडलं आणि त्यांनी त्याला अमेरिकेची गिब्सन गिटार घेऊन दिली.

आज ऑनलाइन ऑर्डर टाकली की चार दिवसांत गिटार लातूरला घरपोच येते. त्यामुळं ही गोष्ट किरकोळ वाटेल. पण तेव्हा बाहेरची वस्तू आणायची म्हणजे परकीय चलनाची मारामार, वरून मोठा आयात कर. हॉटेलात वाजवून पोट भरणाऱ्या वादकाला गिब्सन म्हणजे स्वप्नातली गोष्ट.

पुढं लंडनला रेकॉर्ड करताना अमान्सियोनं एका धूनला नाव दिलं 'महाराणी' आणि दुसरीला 'जयपूर'.

१९६७ : मुलासाठी देश सोडला

सगळं बरं चाललं असताना घरात संकट आलं. अमान्सियोची बायको आयर्लंडची होती. त्यांच्या लहान मुलाला आजारपण होतं आणि त्यासाठी बाहेरचे उपचार पाहिजे होते.

१९६७ साली हे कुटुंब इंग्लंडला गेलं. अमान्सियो तेव्हा ३१ वर्षांचा होता.

वादकासाठी हे वय अडचणीचं. मुंबईत त्याला लोक ओळखत होते. लंडनमध्ये परत पहिल्यापासून सुरवात. तिथं त्याच्यासारखे गिटारवाले ढिगानं होते, आणि गोऱ्यांच्या नजरेत भारतीय वादक म्हणजे सतारवाला.

त्यात वेळही गमतीशीर होती. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसननं १९६५ लाच सतार वाजवली होती, पंडित रविशंकरांचं नाव सगळीकडं होतं. गोरी पोरं गिटार बाजूला ठेवून सतारीच्या मागं लागलेली. आणि हा भारतातून आलेला माणूस मात्र गिटार घेऊन उभा.

दुसऱ्या बाजूला वातावरण तापलेलं होतं. १९६८ मध्ये ब्रिटननं बाहेरून येणाऱ्यांवर बंधनं वाढवणारा कायदा केला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये इनॉक पॉवेल या खासदारानं स्थलांतरितांच्या विरोधात आग लावणारं भाषण केलं. काळ्या-सावळ्या माणसांनी या देशात मिसळायचं की परत जायचं, यावर रस्त्यावर वाद चालू होते.

अशा टायमाला अमान्सियोची गाठ पडली डेनिस प्रेस्टन या निर्मात्याशी. लंडनच्या लॅन्सडाऊन स्टुडिओत प्रेस्टन वेगवेगळ्या देशांचे वादक एकत्र आणून रेकॉर्ड काढायचा. कोलकात्याचा व्हायोलिनवादक जॉन मेयर आणि जमैकाचा सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांची 'इंडो-जॅझ' रेकॉर्ड त्यानंच काढलेली. त्यात तबला वाजवायला होते केशव साठे.

प्रेस्टननं अमान्सियोला ऐकलं आणि त्याची रेकॉर्ड करायचं ठरवलं.

एका वर्षात दोन रेकॉर्ड

१९६९ साली अमान्सियोची पहिली रेकॉर्ड आली. तिचं नाव 'इंटिग्रेशन', म्हणजे एकत्र येणं, मिसळून जाणं. ज्या देशात या शब्दावरून भांडणं लागली होती, तिथं रेकॉर्डच्या कव्हरवर हे नाव होतं.

सोबतीला ब्रिटनचे त्या वेळचे पहिल्या फळीतले जॅझवाले. सॅक्सोफोनवर डॉन रेंडेल, ट्रम्पेटवर इयान कार, बासवर डेव्ह ग्रीन, ड्रमवर ट्रेव्हर टॉम्किन्स. मधोमध अमान्सियोची गिटार.

धूनांची नावं बघितली तरी माणूस कळतो. 'गँजेस' म्हणजे गंगा. 'जयपूर'. 'महाराणी'. आणि 'जॉइस कंट्री', जो आयर्लंडच्या पश्चिमेचा एक खराखुरा भाग आहे, बायकोच्या देशातला. एकाच रेकॉर्डमध्ये गंगाही आणि आयर्लंडही.

त्याच वर्षी दुसरी रेकॉर्ड आली, जो हॅरियटसोबत. नाव 'हम दोनो'.

नावावरून देव आनंदचा १९६१ चा पिक्चर आठवतो. पण इथले दोघं वेगळे होते. एक जमैकाच्या किंग्स्टनमध्ये अनाथ मुलांच्या शाळेत सॅक्सोफोन शिकलेला. दुसरा मुंबईतला गोंयकार. एक इंग्रजांच्या वसाहतीतून आलेला, दुसऱ्याचं मूळ गाव पोर्तुगीजांच्या वसाहतीतलं. दोघंही लंडनमध्ये परके.

यात नॉर्मा विन्स्टन ही गायिकाही आहे, पण ती शब्द गात नाही. आपण आकारात गातो तसा आवाज वाद्यासारखा वापरते.

एक धून अमान्सियोनं मुलाच्या नावानं केली. ज्या मुलासाठी देश सोडला, त्याच्यासाठी उड्या मारत जाणारी धून. आणि एकीचं नाव आहे 'बॅलड फॉर गोवा'.

गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला तेव्हा अमान्सियो २५ वर्षांचा होता. गोव्यावरची ही धून त्यानं वाजवली ती त्यानंतर आठ वर्षांनी, गोव्यापासून हजारो किलोमीटर लांब.

याच सुमारास घानाचा ढोलवादक गाय वॉरन याच्या 'आफ्रो-जॅझ' या रेकॉर्डमध्येही अमान्सियोनं गिटार वाजवली. जमैका, घाना, गोवा आणि इंग्लंड, सगळे त्याच लॅन्सडाऊनच्या वर्तुळात. बाहेर वाद चालू होता, आत काम चालू होतं.

मग हे नाव झाकलं कसं गेलं?

इथं एक तुलना करायलाच पाहिजे.

त्याच १९६९ मध्ये, त्याच लंडनमध्ये आणखी एका गिटारवाल्याची पहिली रेकॉर्ड आली. त्याचं नाव जॉन मॅकलॉफ्लिन. तो पुढं अमेरिकेला गेला, त्यानं १९७१ मध्ये 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा' काढली आणि जॅझला रॉकचा जोर आणि वेग दिला. नंतर झाकीर हुसेन, एल. शंकर आणि विक्कू विनायकराम यांच्यासोबत 'शक्ती' काढली. भारतीय संगीत आणि गिटार म्हटलं की आजही जगात त्याचं नाव पहिलं निघतं.

मॅकलॉफ्लिन थोर आहेच, त्यात वाद नाही. पण भारतात जन्मलेला, भारतात वाढलेला गिटारवाला हेच दोन किनारे जोडायचं काम त्याच्याआधी करत होता, हे मात्र मागं राहिलं.

कारणं साधी आहेत. ब्रिटनमध्ये तेव्हा रॉकचा पूर आलेला. जॅझच्या रेकॉर्ड मुळात थोड्या छापल्या जायच्या आणि त्यातल्याही पडून राहायच्या. अमान्सियो अमेरिकेला गेला नाही. शिवाय एखादा कलाकार आपण कुठल्या ना कुठल्या कप्प्यात टाकतो, तेव्हाच तो लक्षात राहतो. हा माणूस कुठल्याच कप्प्यात बसत नव्हता. सिनेमाचा म्हणावा तर सिनेमात नाव नाही. शास्त्रीय म्हणावा तर हातात गिटार. इंग्लंडवाल्यांसाठी भारतीय, आणि भारतातल्यांसाठी इंग्लंडला गेलेला.

१९७१ मध्ये त्याची 'रिफ्लेक्शन्स' आली, मऊ, शांत गिटारची. १९७२ मध्ये 'कॉस्मिक आय' या नावाच्या गटासोबत 'ड्रीम सिक्वेन्स' आली. त्यात सतारीवर क्लेम आल्फर्ड होता, तबल्यावर पुन्हा आपले केशव साठे.

ती काही फार चालली नाही. दरम्यान 'हम दोनो'मधला दुसरा गेला. जो हॅरियट २ जानेवारी १९७३ ला वारला, वयाच्या ४४ व्या वर्षी, खिशात फारसं काही नसताना.

कोकणावरची टेप

आता सगळ्यात चटका लावणारी गोष्ट.

सत्तरच्या दशकाच्या सुरवातीला अमान्सियोनं आणखी एक रेकॉर्ड वाजवून ठेवली. तिचं नाव 'कोंकण डान्स'.

मुंबईतून निघून काही वर्षं झाली होती, आणि त्याच्या धूनांची नावं आता जयपूर-गंगेवरून आणखी घराकडं सरकली होती. यातल्या एका धूनचं नाव आहे 'अ स्ट्रीट इन बॉम्बे', मुंबईतला एक रस्ता. आणि शीर्षकात कोकण, म्हणजे मांडो, देखणी आणि घुमटाच्या तालाचा मुलूख.

राजवाडे आणि नद्या वाजवून झाल्यावर हा माणूस गल्ली वाजवायला लागला होता.

पण ती रेकॉर्ड बाजारात आलीच नाही. टेप तशीच पडून राहिली. वर्षामागून वर्षं गेली.

अमान्सियोनं वाजवणं सोडलं नाही. पुढं त्यानं लंडनमध्ये मुलांना, नव्या वादकांना शिकवलं. पण ज्या वेगानं १९६९ साल गेलं होतं, तसं वर्ष परत आलं नाही. १७ जुलै १९९६ ला तो गेला, ६० व्या वर्षी.

'कोंकण डान्स' बाहेर आली २००६ मध्ये. टेप झाल्यावर ३० पेक्षा जास्त वर्षांनी, आणि वाजवणारा गेल्यावर १० वर्षांनी.

तोवर हवा बदलली होती. जुन्या रेकॉर्ड शोधणारी नवी पिढी आली होती. ज्या रेकॉर्ड तेव्हा कुणी घेतल्या नाहीत, त्या आता मिळेनात, म्हणून त्यांचे भाव चढले. 'हम दोनो'ची मूळ प्रत ब्रिटिश जॅझमधल्या सगळ्यात दुर्मिळ रेकॉर्डपैकी एक मानली जायला लागली. मग ती नव्यानं छापली गेली.

या चढ्या भावांतला एक रुपयाही अमान्सियोला बघायला मिळाला नाही.

मग आता काय करायचं?

सोपं आहे, ऐकायचं. हे ऐकायला आता लाखाची रेकॉर्ड लागत नाही, इंटरनेटवर यातलं बरंच सापडतं.

सुरवात 'इंटिग्रेशन'मधल्या 'जयपूर'पासून करा. आधी सगळे मिळून धून वाजवतील ती लक्षात ठेवा, मग गिटार एकटी निघाली की तिच्या मागं मागं जा. सूर वाट सोडून कुठं जातात आणि परत कसे येतात तेवढंच बघा. जॅझ कळण्यासाठी सुरवातीला एवढं पुरतं.

मग 'बॅलड फॉर गोवा' ऐका, शक्यतो रात्री आणि हेडफोन लावून. शेवटी 'कोंकण डान्स'.

आज लातूरच्या ट्यूशन एरियातल्या एखाद्या होस्टेलवर किंवा नांदेडच्या एखाद्या गच्चीवर गिटार घेऊन बसलेलं पोरगं असतंच. बहुतेक वेळा ते कुणाचं तरी गाणं जसंच्या तसं वाजवत असतं. शिकायची सुरवात तिथूनच होते, त्यात वाईट काही नाही. पण गिटार बाहेरची असली तरी तिच्यावर आपलं गाव वाजवता येतं, आणि ते कुणाची परवानगी न घेता वाजवता येतं, हे अमान्सियो डिसिल्वानं १९६९ सालीच दाखवून दिलंय.

त्या पोरानं उद्या 'नांदेडमधला एक रस्ता' नावाची धून केली, तर ती मात्र टेपवर पडून राहू देऊ नका. ज्या दिवशी वाजवील त्याच दिवशी ऐका.